हुशार मुलाला हात द्या

(प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



तुम्ही दिवसभर रानात राबता. घरी येऊन भाकरी खाता आणि पुन्हा पाटी-पुस्तक घेऊन येथे येऊन बसता. ही गोष्ट लहान नाही. तुम्हाला आता वाचता येऊ लागले आहे. म्हणूनच आज मी तुमच्याशी तुमच्या मुलांविषयी बोलणार आहे. त्यातही एका खास मुलाविषयी. ते मूल कोणाच्याही घरात असू शकते. कदाचित तुमच्याच घरात असेल.

ते मूल म्हणजे हुशार मूल. चारचौघांपेक्षा ज्याची बुद्धी पुढे धावते, असे मूल.

आपल्यात म्हण आहे, 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.' म्हण खोटी नाही. पण पाय दिसले म्हणून मूल लगेच चालू लागत नाही. त्याचे बोट धरावे लागते.

पुष्कळ माणसे म्हणतात, "पोर हुशार असलं तर आपोआप वर येईल. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" मंडळी, सूर्याला उगवायला कोणाची मदत लागत नाही. मुलाला लागते. चांगले बियाणे कणगीत ठेवून पीक येते का? वाफसा बघून ते पेरावे लागते. वाफसा टळला, की तेच बियाणे वाया जाते. मुलाच्या शिक्षणाचाही वाफसा असतो. तो टळू देऊ नये, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मी मुंबईच्या उपनगरातला माणूस. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे तुम्ही ऐकली असतील. तुमच्या गावची कितीतरी माणसे तेथे पोटासाठी गेली आहेत. कोणी कारखान्यात आहे, कोणी इमारतीच्या कामावर, कोणी धुणीभांडी करते. तेथे शाळा घराजवळ आहे. रस्त्यावर दिवे आहेत. तरीसुद्धा कितीतरी हुशार मुले मागे राहतात. मग पुढे जातात ती कशी जातात? त्याच्या खऱ्या गोष्टी सांगतो.

२१ रुपयांची गोष्ट

डॉक्टर रघुनाथ माशेलकर हे मोठे शास्त्रज्ञ. हे औषध देणारे डॉक्टर नव्हेत, बरं का! विज्ञानात फार शिकून त्यांनी ही पदवी मिळवली. त्यांचा जन्म १९४३ साली गोव्यातील माशेल या गावी झाला. लहानपणीच वडील वारले. आई मुलाला घेऊन मुंबईला आली. गिरगावात राहू लागली. शिवणकाम करून तिने घर चालवले.

एकदा ती माउली एका ठिकाणी नोकरी मागायला गेली. तेथे विचारले, "तिसरी पास आहात का?" ती तिसरीही शिकलेली नव्हती. काम मिळाले नाही. ती रिकाम्या हाताने परत आली. पण येताना मनाशी ठरवून आली, की माझ्या मुलाला मी जितके शिकता येईल तितके शिकवीन.

मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला. मग हायस्कुलात नाव घालायचे आले. त्यासाठी २१ रुपये हवे होते. घरात २१ रुपये नव्हते. दिवस जात होते. शेवटी लोकांच्या घरी काम करणाऱ्या एका बाईने आपल्या जवळचे, साठवलेले पैसे काढून दिले. मुलाचे नाव हायस्कुलात दाखल झाले.

त्या शाळेत भावे नावाचे मास्तर होते. एक दिवस त्यांनी मुलांना वर्गाबाहेर उन्हात नेले. हातात भिंग घेतले. भिंगातून उन्हाचा ठिपका कागदावर पाडला. थोड्या वेळात कागद जळू लागला. मास्तरांनी मुलांना समजावले, की ऊन विखुरलेले असते तोवर कागद जळत नाही. एका जागी गोळा झाले, की जाळतो. मनाचेही तसेच आहे. रघुनाथने ते मनात धरले. त्या दिवशी शास्त्रज्ञ होण्याची ओढ लागली, असे माशेलकर स्वतः सांगतात.

रात्री तो रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करी. १९६० साली तो मॅट्रिकच्या परीक्षेत साऱ्या महाराष्ट्रात अकरावा आला. तरी घरची गरिबी तशीच. आता शिक्षण सोडून नोकरी धरावी, असे त्याला वाटू लागले. पण आई ऐकेना. मग सर दोराबजी टाटा ट्रस्टने त्याला दर महिन्याला ६० रुपये शिष्यवृत्ती दिली. मुलगा शिकत राहिला. पुढे १९९५ पासून २००६ पर्यंत तो देशातील विज्ञानाच्या कितीतरी प्रयोगशाळांचा प्रमुख होता.

त्याच काळात एक गोष्ट घडली. जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचा हक्क अमेरिकेत दोघा जणांनी आपल्या नावे नोंदवून घेतला होता. आपली आजी जे करत आली, ते त्यांनी नवा शोध म्हणून दाखवले! माशेलकरांच्या संस्थेने त्यावर दाद मागितली. जुन्या ग्रंथांचे पुरावे दिले. १९९७ साली तो हक्क रद्द झाला.

आता हिशेब करा. या मुलाला किती हात मिळाले? पहिला आईचा. दुसरा त्या कामकरी बाईचा. तिसरा मास्तरांचा. चौथा शिष्यवृत्तीचा. यातला एक जरी कमी असता, तर काय झाले असते? मुलाची बुद्धी तीच राहिली असती. पण ती कोणाच्या कामी आली नसती. २१ रुपये तेव्हाही फार मोठी रक्कम नव्हती. पण ते वेळेवर मिळाले.

ज्याला हात मिळाला नाही

कोणी म्हणेल, "हात न मिळताही माणसं मोठी होतात की! अण्णा भाऊ साठ्यांना कोणी शिकवलं?"

खरे आहे. अण्णा भाऊंचा जन्म १९२० साली वाटेगावात झाला. आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे. घरची अतोनात गरिबी. त्यात जातीमुळे वाट्याला आलेला जाच. शाळेत ते दीडच दिवस गेले, असे सांगतात. घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले. मिळेल ते काम केले. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षर ओळखू लागले. पुढे घाटकोपरला चिरागनगरच्या झोपडीत राहून त्यांनी कथा, कादंबऱ्या, पोवाडे लिहिले. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली निघाली. साऱ्या महाराष्ट्राने ती वाचली. पन्नाशी गाठण्याआधीच, १९६९ साली ते वारले.

तुम्हीही मोठेपणी अक्षर शिकलात. म्हणून अण्णा भाऊंचे मोल तुम्हाला अधिक कळेल. पण एक विचार करा. अण्णा भाऊ आपल्याला ठाऊक आहेत, कारण ते एवढ्या अडचणींतून वर आले. त्यांच्यासारखी बुद्धी असलेली आणखी किती मुले त्याच वाटेने मुंबईला आली असतील? त्यांनी ओझी वाहिली, दगड फोडले आणि ती गेली. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पुरातून एक जण पोहून आला, म्हणून पूल नको, असे कोणी म्हणते का?

बुद्धी वस्ती बघत नाही

मुंबईच्या उपनगरात मानखुर्द येथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. हे केंद्र १९७४ साली सुरू झाले. गणित आणि विज्ञान यांच्या जागतिक स्पर्धांसाठी देशभरातील निवडक मुले तेथे तयारीला येतात.

या केंद्राने १९८० नंतरच्या वर्षांत एक प्रयोग केला. मुंबई महापालिकेच्या शाळांतून अनुसूचित जातींची काही मुले निवडली. घरी शिकलेले कोणी नाही, अभ्यासाला जागा नाही, अशा घरांतली मुले. त्यांना मॅट्रिकपर्यंत नीट मार्गदर्शन केले. मुले चांगली चमकली. म्हणजे बुद्धी होतीच. तिला वाट करून द्यायची होती.

केंद्राच्या लोकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मुलांना विज्ञान अवघड जात नव्हते. पुस्तकाची भाषा अवघड जात होती. भाषा सोपी केली, तेव्हा मुलांना तोच धडा चांगला समजू लागला.

याचा अर्थ नीट समजून घ्या. पुस्तकात लिहिलेले असते, 'उष्णतेमुळे धातूचे प्रसरण होते.' लोहाराचा मुलगा हे वाक्य वाचून गप्प बसतो. मास्तर म्हणतात, "याला काही येत नाही." पण गाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी बसवतात, ते त्याला विचारा. तो सांगेल, "धाव तापवायची. तापली की ती वाढते आणि चाकावर बसते. मग पाणी ओतायचं. गार झाली की आवळते." अहो, पुस्तकात तेच तर लिहिले आहे! मुलाला विज्ञान येत होते. त्याला पुस्तकाचा शब्द येत नव्हता. अशा मुलाला ढ म्हणणे हा केवढा अन्याय आहे!

हुशार मूल कसे ओळखावे

पहिला नंबर आला तरच मूल हुशार, असे नाही. मार्क ही एक खूण आहे. दुसऱ्याही खुणा आहेत.

ते सारखे प्रश्न विचारते. "चंद्र आपल्याबरोबर का चालतो?" "विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार का?" उत्तर दिले, की त्यातून दुसरा प्रश्न काढते.

बाजारात ते तोंडी हिशेब करते. एकदा ऐकलेले त्याच्या ध्यानात राहते. बिघडलेली विजेरी खोलून बसते. कोणी स्वतःची गाणी रचते. कोणी मातीचा हुबेहूब बैल करते. कोणी खेळात चार पोरांना बरोबर कामाला लावते. ही सगळी बुद्धीचीच रूपे आहेत.

कधी कधी हुशार मूल वर्गात खोड्या करते. शिकवलेले त्याला आधीच समजलेले असते. मग ते कंटाळते. त्याला मारू नका. त्याला पुढचे काम द्या.

आणि एखादे मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेते. त्याचे डोळे तपासून घ्या. त्याला चष्मा हवा असेल. नुसत्या चष्म्यावाचून मुले मागे पडतात आणि घरच्यांना वाटते, पोर मंद आहे.

आपण काय करावे

काही जण म्हणतील, "आम्ही आत्ता कुठं अक्षर गिरवायला लागलो. आम्ही पोराला काय शिकवणार?" माशेलकरांच्या आईला तरी कोठे शिकवता येत होते? तिने शिकवले नाही. तिने शिकू दिले. आपल्याला एवढे नक्की करता येते.

मूल प्रश्न विचारते तेव्हा "गप बस" म्हणू नका. उत्तर येत नसेल तर सांगा, "मलाही ठाऊक नाही. उद्या गुरुजींना विचारू." असे म्हणण्यात कमीपणा नाही.

संध्याकाळी एक तास त्याला मोकळा द्या. त्या तासात पाणी आणायला, दुकानात जायला पाठवू नका. घरातला टीव्ही तेवढा वेळ बंद ठेवा. मोबाइलही बाजूला ठेवा.

महिन्यातून एकदा शाळेत जाऊन गुरुजींना किंवा बाईंना भेटा. "माझं पोर कशात पुढं आहे?" असे विचारा. आपण नेहमी त्याचे काय चुकते, तेवढेच विचारतो.

वाचनालयातून पुस्तक आणा. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. तुम्हीही बाजूला बसून वाचा. त्याचा अभ्यास होईल आणि तुमचाही.

सुगीच्या दिवसांत शाळा बुडवू नका. आठ दिवसांची मजुरी मिळते, पण मागे पडलेला धडा मिळत नाही.

आता मुलींविषयी बोलतो. मुलुंडच्या एखाद्या चाळीतली मुलगी डोळ्यांपुढे आणा. वय बारा. आई भाजी विकते. मुलीने कागद न घेता दहा गिऱ्हाइकांचा हिशेब सांगावा, इतकी तिची बुद्धी. पण धाकटा भाऊ लहान आहे. त्याला कोण सांभाळणार? मुलीची शाळा सुटते. आईला मुलगी आवडत नाही असे नाही. तिला दुसरी वाट दिसत नाही. अशा वेळी शेजारणीने पुढे व्हावे. भावाला अंगणवाडीत घालायला सांगावे. तुमच्या गावातही असेच घडते. फरक एवढाच, की येथे मुलगी शेळ्या राखते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. हा कायदा २००९ साली झाला. आणि अठराच्या आत मुलीचे लग्न करणे हा गुन्हा आहे. हुशार मुलीचे लग्न घाईने उरकणे म्हणजे हिरवा मळा कापून वैरण करणे.

एक गोष्ट मात्र करू नका. मूल हुशार आहे असे कळले, की काही माणसे त्याच्या मागेच लागतात. आमच्या उपनगरांत हे मी रोज पाहतो. सकाळी एक क्लास, शाळा झाली की दुसरा क्लास, रविवारी परीक्षा. पाहुणे आले, की "म्हणून दाखव रे पाढे!" मूल दमते. मग त्याला पुस्तकाचाच राग येतो. त्याला खेळू द्या, झोपू द्या. भावंडांपुढे "बघा, हा किती शहाणा" असे सारखे म्हणू नका. त्याने भावंडे दुखावतात, आणि त्या मुलालाही चूक करण्याची भीती वाटू लागते. उसाला पाणी हवे, पण रोज पाट सोडला तर मुळ्या कुजतात.

पैशाची सोय

पैशासाठी शिक्षण थांबू नये, म्हणून सरकारने काही सोयी केल्या आहेत. त्या ठाऊक नसतात म्हणून फुकट जातात.

पहिली सोय शिष्यवृत्ती परीक्षेची. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. ती पूर्वी चौथीला आणि सातवीला असे. नंतर पाचवीला आणि आठवीला झाली. इयत्ता बदलत असते. म्हणून यंदा कोणत्या इयत्तेला आहे, ते शाळेत विचारा.

दुसरी परीक्षा आठवीच्या मुलांसाठी आहे. तिला एन.एम.एम.एस. म्हणतात. सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलाला तिला बसता येते. घरचे वर्षाचे उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे. निवड झाली, की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसील कचेरीतून मिळतो. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. आधीच काढून ठेवा.

तिसरी सोय नवोदय विद्यालयाची. ही शाळा मुख्यतः खेड्यातल्या हुशार मुलांसाठी आहे. देशात पहिल्या दोन नवोदय शाळा निघाल्या, त्यांतली एक आपल्या अमरावतीला. आता बहुतेक जिल्ह्यांत अशी शाळा आहे. मूल पाचवीत असताना परीक्षा द्यावी लागते. सहावीपासून राहणे, जेवणे, शिकणे मोफत असते. जागांपैकी तिसरा हिस्सा मुलींसाठी राखलेला असतो.

या परीक्षांत नंबर लागला नाही, तर मुलाला हिणवू नका. जागा थोड्या असतात आणि मुले फार. परीक्षा एका दिवसाची असते, बुद्धी जन्माची.

हुशारी कोणासाठी?

शेवटी एकच विचारतो. मूल हुशार निघाले, शिकले, मोठ्या पगाराला लागले. एवढ्यानेच झाले का?

पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी ही संस्था काढली. बुद्धिमान मुलांना घडवायचे, पण त्यांनी आपली बुद्धी समाजाच्या कामी लावायची, हा त्यांचा विचार. हा विचार खेड्यातही चालण्यासारखा आहे. सातवीतल्या हुशार मुलीला सांगा, "तिसरीतल्या दोघांना रोज थोडं वाचायला शिकव." शिकवता शिकवता तिचे ज्ञान पक्के होईल. मी एकटीच मोठी, असा ताठाही येणार नाही.

आणि गावानेही आपले कर्तव्य ओळखावे. जत्रेसाठी आपण वर्गणी काढतो. तशीच एक छोटी वर्गणी मुलांसाठी काढा. कोणाला चष्मा हवा असतो, कोणाला परीक्षेची फी, कोणाला तालुक्याला जायला एसटीचे भाडे. रक्कम लहान असते. पण ती नसली, की वाट तेथेच संपते. मुंबईत गेलेल्या गावकऱ्यांनाही हे कळवा. ते नाही म्हणणार नाहीत. त्यांनी अडचण सोसलेली आहे.

मंडळी, ज्या बाईने ते २१ रुपये दिले, तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही. ती श्रीमंत नव्हती. तीही लोकांची भांडी घासत होती. तिच्यासारखे होणे आपल्यापैकी प्रत्येकाला जमेल.

उद्या शाळेत जा. एन.एम.एम.एस.चा अर्ज कधी भरायचा, ते विचारा. तुमचे मूल आठवीत नसेल, तर शेजाऱ्याच्या मुलासाठी विचारा. तारीख स्वतःच्या हाताने वहीत लिहून आणा. आता तुम्हाला लिहिता येते.

 

विचार करा आणि लिहा
१. रघुनाथ माशेलकरांना कोणाकोणाचे हात मिळाले?
२. लोहाराच्या मुलाला पुस्तकातले वाक्य का समजले नाही?
३. तुमच्या गावात शाळा सुटलेली एखादी हुशार मुलगी आहे का? तिच्यासाठी काय करता येईल?